कारणाचा रकाना

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा इसम, वय वर्षे शहात्तर, धंदा टंकलेखन (आता बंद), राहणार याच तीन खोल्यांच्या घरात गेली एक्केचाळीस वर्षे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही धाकदडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना स्वतः टंकून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि शेवटी "तुमचं नाव काय?" असे विचारले. मी म्हणालो, "दाखल्यावरचं सांगू, की लोक हाक मारतात ते?" बाईंनी पुढे काही न विचारता सही केली.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मात्र घराच्या कागदांवर आणि बँकेत वारस म्हणून एक नाव फार पूर्वी लावून ठेवले आहे. ती नोंद या कागदाने रद्द समजावी. का, ते पुढे ओघाने येईल.

या मृत्युपत्रात कोणाचेही नाव आढळणार नाही. सगळी नावे, पत्ते आणि नाती एका यादीत क्रमाने लिहून ती यादी सोबतच्या बंद पाकिटात ठेवली आहे. वकीलबाईंना हे आधी पटत नव्हते.

"काका, नावांशिवाय मृत्युपत्र म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट."

"पत्ता आहे की. आतल्या पाकिटात आहे."

"पण असं का?"

"चाळीस वर्षं नुसती नावंच टंकली. एकदा तरी माणसांबद्दल लिहू दे."

हे उत्तर अर्धे खरे होते. उरलेले अर्धे असे की, माझ्या मुलीचे नाव मला टंकता येत नव्हते. घर मला तिला द्यायचे आहे. तिने चौदा वर्षांपूर्वी रीतसर नाव बदलले. ते नवे नाव मी आजवर एकदाही तोंडातून काढलेले नाही, आणि कागदावर ते घातल्याशिवाय घर तिच्याकडे जात नाही. माझ्यासारख्यापुढे असा पेच पडावा याचे मला स्वतःलाच नवल वाटते, कारण माझा धंदाच लोकांची नावे बदलून देण्याचा होता.

कलम १. माझे टंकयंत्र पुतण्याला द्यावे. तो पुस्तकबांधणीचा धंदा करतो, दर गुरुवारी माझी औषधे आणतो आणि आणताना माझ्याशी भांडतो. त्याने यंत्र शोभेची वस्तू म्हणून बाहेरच्या खोलीत मांडून ठेवू नये. महिन्यातून एकदा तरी त्यावर एक पान टंकावे, नाहीतर कॅरेज अडकते. रिबिनी टेबलाच्या खालच्या खणात आहेत, तेलाची कुपी त्यांच्याच मागे आहे.

या यंत्रावर मी कोर्टाच्या इमारतीच्या बाजूच्या ओसरीत, सहाव्या खांबाला टेकून, नाव बदलण्याचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि वर्तमानपत्रात द्यायच्या जाहिराती टंकल्या. अर्ज साधा असतो. जुने नाव, नवे नाव, पत्ता, आणि खाली दीड ओळीचा एक रकाना: नाव बदलण्याचे कारण. तिथे तीन उत्तरे चालतात. लग्न, चुकीची नोंद, किंवा वैयक्तिक. सरकारला एवढे पुरते. मला कधीच पुरले नाही. "वैयक्तिक" असे टंकून झाले की मी यंत्रावरचे हात काढून विचारायचो, "आता खरं सांगा." दहातले नऊ जण सांगायचे. बहुतेकांना ते आधी कोणी विचारलेलेच नसायचे.

कलम २. गिऱ्हाइकाची खुर्ची, जिचा डावा हात मोडला आहे, ती ओसरीतल्या चहावाल्या मावशीला द्यावी. दुपारची गर्दी ओसरली की ती त्याच खुर्चीवर बसून पाय चोळायची. माझ्यामागे ती खुर्ची कोणी हक्काने मागावी, तर तिनेच.

या खुर्चीवर पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी एक जण येऊन बसली. साधारण तिशीची. अंगात पुरुषी शर्ट, कागदांवर पुरुषाचे नाव, आणि हातातल्या घामेजलेल्या चिठ्ठीवर बाईचे. मी विचारले, "कारण काय लिहू?" ती म्हणाली, "काका, मी बदलत नाहीये. दुरुस्त करतेय." मी कागद पूर्ण केला, तिच्यापुढे सरकवला आणि सहज नव्या नावाने हाक मारून म्हणालो, इथे सही करा. तिने पेन उचलले नाही.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

मी म्हणालो.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने सही केली. उठताना म्हणाली, "तुम्ही पहिले." मला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. त्या नावाने तिला हाक मारणारा मी जगातला पहिला माणूस होतो.

तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी हा नेम पाळला. तीन वेळा नवे नाव घ्यायचे. एकदा कागद वाचून दाखवताना, एकदा सहीच्या वेळी, एकदा निरोप देताना. आजूबाजूचे टंकलेखक हसायचे. पण नवे नाव हे नव्या चपलेसारखे असते, दुकानातच चार पावले चालून बघितलेले बरे. अशा हजारो माणसांना त्यांच्या नावाची पहिली हाक मी मारली आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

कलम ३. माझ्या एकतीस वह्यांपैकी पहिल्या तीस पुतण्याच्या बायकोला द्याव्यात. ती शाळेत शिकवते आणि माझ्याइतकीच भोचक आहे, हे मी कौतुकाने म्हणतो. या वह्यांत एकही नाव नाही. तारीख, गिऱ्हाइकाचा धंदा आणि खरे कारण, एवढेच. कोण असेल याचा तर्क करत बसू नये, ही अट आहे. ती ही अट पाळणार नाही हे मला माहीत आहे.

माणूस नाव का बदलतो? धंदा सुरू केला तेव्हा मला वाटायचे, पाच-सहा कारणे असतील आणि ती वर्षभरात संपतील. एका लिफ्टवाल्याने माझा हा समज पहिल्यांदा मोडला. त्याच्या इमारतीतले लोक त्याला त्याच्या आधीच्या लिफ्टवाल्याच्या नावाने हाक मारायचे. कोणी विचारलेच नव्हते, आणि त्यानेही कोणाला सुधारले नव्हते. वीस वर्षे झाल्यावर तो माझ्याकडे आला. "आता घरी बायको खऱ्या नावानं हाक मारते तर मी वळून बघत नाही. ती म्हणते, कान तपासून घ्या. कान ठीक आहेत हो, नावच दुसरं झालंय." त्याने आधीच्या लिफ्टवाल्याचे नाव कायदेशीर करून घेतले.

एका कारकुनाचे नाव आणि आडनाव एका नामांकित लबाडाशी तंतोतंत जुळत होते. त्या लबाडाचा खटला चालू असेपर्यंत कारकुनाला कुठल्याही खिडकीवर नाव सांगायची सोय नव्हती, समोरचा माणूस चष्मा वर करून बघायचा. त्याने नाव बदलले. तीन वर्षांनी परत आला, खजील होऊन. "तो निर्दोष सुटला. जुनं परत मिळेल का?" मिळाले. एक बाई आल्या, कपडे शिवणाऱ्या, पन्नाशीच्या. नवऱ्याचे आडनाव नको होते आणि बापाचेही नको होते. मग काय लावायचे, असे मी विचारल्यावर खुर्चीत पाऊण तास बसून राहिल्या. शेवटी ज्या गल्लीत त्यांनी स्वतःच्या कमाईवर पहिली खोली घेतली होती, त्या गल्लीचे नाव आडनाव म्हणून लावले. मी तीन हाका मारल्या तेव्हा प्रत्येक हाकेला त्या हसल्या.

एक बाप आणि मुलगा एकत्र आले होते. दोघेही शिक्षक. बाप म्हणाला, "आडनाव सांगितलं की लोक पुढचा प्रश्नच विचारत नाहीत. त्यांना उत्तर मिळालेलं असतं." मुलाला राग होता, बापाला नव्हता, तो फक्त थकला होता. ही नोंद मी वहीत दोनदा लिहिली आहे, चुकून नव्हे. आणि एक दुकानदार भविष्यवाल्याच्या सल्ल्याने पाच वेळा आला. दुकान काही चालेना. पाचव्या खेपेला मी त्याला म्हणालो, "नाव राहू दे आता, भविष्यवाला बदल." तो रागावून शेजारच्या टेबलावर गेला.

तीस वह्या भरल्यावर माझे मत असे झाले, की लोकांना नव्या नावाची हौस क्वचितच असते. जुन्या नावाने हाक मारली की त्यांच्या आधी दुसराच कोणीतरी ओ देतो. लबाड, नवरा, बाप. त्या दुसऱ्याला एकदाचे घरी पाठवायचे असते, बाकी काही नसते. इतके सगळे समजलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरात काय चालले होते, ते पुढच्या तीन कलमांत आहे. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, हे माझ्याइतके इमानाने कोणी केले नसेल.

कलम ४. माझ्या शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक, ज्याला सगळी ओसरी धडधड्या म्हणायची, त्याला माझ्या मिळकतीतले काहीही देऊ नये. त्याला या कागदावर साक्षीदार केले आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. माझ्या टंकयंत्रावर त्याची वीस वर्षे नजर आहे. एका दगडात दोन पक्षी.

धडधड्या झपाट्याने टंकायचा आणि कोणाला काही विचारायचा नाही. त्याचे म्हणणे, "कारण विचारणं आपलं काम नाही. डॉक्टरसुद्धा दुखतंय तेवढंच विचारतो." आमचे यावरून रोज वाजायचे, पण चहा एकाच किटलीतला असायचा.

रोज सकाळी चहा पिताना वर्तमानपत्रातल्या नाव बदलल्याच्या जाहिराती वाचायची मला सवय होती. आपली कुठली, शेजाऱ्याची कुठली, हे शब्दांच्या ठेवणीवरून ओळखू यायचे. चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी मी त्या रांगेत माझ्या घराचा पत्ता वाचला. वर माझ्या मुलीचे नाव, खाली एक वेगळेच नाव. जाहिरातीची ठेवण धडधड्याची होती. पत्नी समोर बसून शेंगा सोलत होती. मी पेपर दुमडून ठेवला आणि कामावर गेलो.

"तू केलंस?" मी धडधड्याला विचारले.

"केलं."

"मला सांगितलं नाहीस?"

"गिऱ्हाइकाची गोष्ट गिऱ्हाइकाजवळ. आणि तू तिला विचार ना. सगळ्या दुनियेला विचारतोस."

मी तिला विचारले नाही. धडधड्याशी बोलणे बंद केले, तेही दोन हातांच्या अंतरावर बसून, निवृत्त होईपर्यंत दोन वर्षे. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना कारण विचारणेही मी बंद केले. एकतिसावी वही म्हणून अर्धी कोरी आहे. मुलीला मी काय हाक मारायची, हा प्रश्न मी असा सोडवला की, हाकच मारायची नाही. "अगं", "ऐकलंस का", "हे बघ". चौदा वर्षे तेवढ्यावर काढली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, दर रविवारी सकाळी दहाला फोन करते, माझी औषधे विचारते, आणि मी "अगं" म्हणतो. लोकांना वाटते आमचे छान चालले आहे.

कलम ५. कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मुलीला द्यावा. हा डबा तिने एकदा उघडलेला आहे. आता तिने तो पुन्हा उघडावा.

माझी पहिली मुलगी तीन वर्षांची होण्याच्या आतच तापाने गेली. पाच दिवसांत गेली. दवाखान्याने मृत्यूचा दाखला हातात दिला. त्या काळात मी परक्या लोकांसाठी असल्या कागदांवरून अर्ज रोज टंकत होतो, बोटे न अडखळता. तिचे नाव मात्र मला मृत्यूच्या नोंदीच्या अर्जात घालता आले नाही. दाखला मी या डब्यात ठेवला आणि डबा कपाटावर सरकवला. चार महिन्यांनी दुसरी मुलगी झाली. पत्नी म्हणाली, मी हिच्यासाठी नाव ठरवलंय. कोणते, हेही मी विचारले नाही. माझ्याजवळ एका मुलीचा जन्माचा दाखला होता, नाव होते, लसीच्या नोंदी होत्या. कागद सगळे पूर्ण होते, फक्त मूल नव्हते. आणि आता मूल आले होते.

ही चूक दुसऱ्या कोणाला सुचली नसती. त्यासाठी कागदातच जन्म घालवलेला माणूस लागतो. मी धाकटीचा जन्म नोंदवलाच नाही. तिला थोरलीचे नाव, थोरलीची जन्मतारीख आणि थोरलीचा दाखला दिला. आजारपणाचे निमित्त सांगून दोन वर्षे उशिरा शाळेत घातले. लोक म्हणायचे, वयाच्या मानाने चणीने लहान आहे. मी म्हणायचो, आईवर गेली आहे. तेव्हा मला वाटत होते की मी थोरलीला वाचवले. खरे म्हणजे मी धाकटीला तिच्या जागी बसवले होते. मला याची लाज वाटते, आणि हे वाक्य लिहायला मला बेचाळीस वर्षे लागली.

नोकरीसाठी जुने कागद शोधताना मुलीने हा डबा उघडला. दाखला हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

"बाबा, हा मृत्यूचा दाखला कोणाचा? नाव माझं आहे."

"जुने कागद आहेत. ठेव जागेवर."

"जन्मतारीखही माझीच आहे."

"म्हटलं ना, ठेव."

आणि मी चपला घालून बाहेर पडलो. दीड तास नुसता चालत राहिलो. परत आलो तेव्हा डबा कपाटावर होता. दोन महिन्यांनी ती जाहिरात आली. तिचे कारण मला माहीत आहे, असे मी तेव्हा धरून चाललो.

डब्यात आता तीन कागद आहेत. पहिला थोरलीच्या मृत्यूचा दाखला. दुसरी, धाकटीच्या जन्माच्या दिवशी नर्सने लिहून दिलेली चिठ्ठी: मुलगी, वजन, सकाळी सात वाजून दहा मिनिटे, आणि तारीख. ही तारीख मुलीला आजवर कागदावर कुठेच दिसलेली नाही, कारण ती फक्त माझ्याकडे होती. तिसरे माझे प्रतिज्ञापत्र, गेल्या आठवड्यात शपथेवर केलेले. माझ्या धंद्यात नेहमी उलटे प्रतिज्ञापत्र लागायचे: अमुक आणि तमुक ही दोन नावे असलेली व्यक्ती एकच आहे. एकच नाव असलेल्या व्यक्ती दोन होत्या, असे मी आयुष्यात पहिल्यांदा टंकले. यावरून तिला जन्माची खरी नोंद करून घेता येईल, असे वकीलबाई म्हणतात. ती कागदावर तीन वर्षांनी लहान होईल. निवृत्तीही तीन वर्षे पुढे जाईल, त्याबद्दल तिने मला दोष देऊ नये.

कलम ६. हे राहते घर, त्यातील सर्व सामान आणि बँकेतील ठेवी माझ्या मुलीला, म्हणजे यादीतील क्रमांक एकला, संपूर्ण मालकी हक्काने द्याव्यात. पुतण्याला हे मान्य आहे. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मला तुमचं यंत्र पुरे, घरातला पसारा ताईला आवरू दे."

वकीलबाईंनी पहिल्या मसुद्यात माझ्या जुन्या वारसनोंदीतले नाव घातले होते. ते मी पुन्हा वाचले. त्या नावाची आणि त्या जन्मतारखेची माझी मुलगी बेचाळीस वर्षांपूर्वीच गेली. म्हणजे इतकी वर्षे मी माझे घर एका गेलेल्या लेकराच्या नावे ठेवले होते, आणि जिवंत लेकीला ते मिळवण्यासाठी कोर्टाच्या ओसरीत जाऊन कोणातरी टंकलेखकाच्या खुर्चीवर बसावे लागले असते. मी यंत्रापुढे बसलो, नवे नाव टंकायला गेलो आणि उठलो. असे तीनदा झाले. चौथ्यांदा बसण्याऐवजी मी साक्षीदार शोधायला निघालो आणि पाय आपोआप धडधड्याच्या घराकडे वळले. दोन गल्ल्या सोडून राहतो, पण चौदा वर्षांत मी त्याच्या दारात गेलो नव्हतो. तो गॅलरीत बसून छत्रीची काडी बसवत होता.

"साक्षीदार हवाय," मी म्हणालो.

"कुणाच्या लग्नाला?"

"माझ्या मृत्युपत्राला."

"मला काय ठेवलंयस?"

"काही नाही. साक्षीदाराला ठेवता येत नाही."

"मग येतो," तो म्हणाला आणि छत्रीकडे वळला. मी निघालो नाही. जे चौदा वर्षे विचारायचे होते ते विचारले.

"तिनं तुला कारण काय सांगितलं होतं?"

धडधड्याने छत्री बाजूला ठेवली. "चौदा वर्षं लागली तुला. तिनं त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, काका, बाबांनी विचारलं तर सांगा, आपणहून सांगू नका. मला वाटलं, आठवडाभरात येशील. तुझा स्वभाव मला ठाऊक."

"काय म्हणाली?"

"मी कारण विचारत नसतो. तिनंच सांगितलं. म्हणाली, नवीन नाही हे नाव. बाबा कामावर गेले की आई मला याच नावानं हाक मारते. जन्मल्यापासून. फक्त कागद करायचा राहिलाय."

घरी कसा आलो ते आठवत नाही. मी समजत होतो की डबा उघडल्यावर रागाच्या भरात तिने मिळेल ते नाव उचलले. ते तिच्या आईने ठरवलेले नाव होते, जे मी विचारले नव्हते. अठ्ठावीस वर्षे या तीन खोल्यांत ते नाव रोज घेतले जात होते. संध्याकाळी दारात माझी चप्पल वाजली की एक मुलगी आत जायची आणि दुसरी बाहेर यायची. वर्षातल्या एका दिवशी पत्नी विनाकारण काहीतरी गोड करायची, आणि "आज काय विशेष?" असे विचारले तर म्हणायची, "खावंसं वाटलं." नर्सची चिठ्ठी मी काढून पाहिली. तोच दिवस. माझ्याच घरातली ही नोंद माझ्या एकाही वहीत नाही. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली, आता तिची माफीही मागता येत नाही. मी त्या दुपारी खूप रडलो, हेही इथे नमूद करतो.

मग यादीतील क्रमांक एकपुढे मुलीचे नाव हाताने लिहिले. यंत्रावर अजूनही जमले नाही. एकतिसाव्या वहीत त्या जाहिरातीच्या तारखेखाली तिचे कारण, तिच्याच शब्दांत, उतरवले. ही वही डब्याबरोबर मुलीला द्यावी.

कलम ७. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी वकीलबाईंची नेमणूक करतो. हे मृत्युपत्र वाचण्यापूर्वी त्यांनी एक काम करावे. मुलगी समोर बसल्यावर पाकीट उघडून, तिच्याकडे बघून, यादीतील क्रमांक एकचे नाव मोठ्याने आणि स्पष्ट तीन वेळा उच्चारावे. घाई करू नये. दोन हाकांमध्ये श्वासभर थांबावे. हे काम माझे होते. परक्या हजारोंसाठी केले आणि हिच्यासाठी राहून गेले. माझ्याच्याने होत नाही म्हणून ते वकीलबाईंवर सोपवत आहे.

कलम ८. दारावरची पाटी काढून टाकावी. नवी लावायची की नाही, आणि लावल्यास त्यावर काय लिहायचे, हे मुलीने ठरवावे. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तिथे क्रमांकाचा बिल्ला बांधतात म्हणे. माझी काही हरकत नाही.

येथवरचा मजकूर शनिवारी टंकून पूर्ण केला. सह्या सोमवारी ठरल्या आहेत.

पुरवणी. आज रविवारी, सह्यांपूर्वी, वरील मजकुरात एक बदल करत आहे. आमच्या धंद्यातल्या रीतीप्रमाणे मांडतो.

जुना मजकूर: कलम ७ मधील तीन हाकांबाबतची सूचना.

नवा मजकूर: ही सूचना रद्द. वकीलबाईंनी थेट वाचायला सुरुवात करावी.

बदलाचे कारण: सकाळी दहाला नेहमीप्रमाणे फोन आला. "बाबा, गोळ्या घेतल्या?" असे तिने विचारले. दर रविवारी मी "अगं, घेतल्या" म्हणतो. आज मी तिला नावाने हाक मारली. मग ती म्हणाली, "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हणालो. ती म्हणाली, "अजून एकदा." तिसऱ्या हाकेला तिने ओ दिली. पुढच्या रविवारी ती घरी येणार आहे. डबा मी कपाटावरून काढून टेबलावर ठेवला आहे.

कारण दीड ओळीत बसले नाही, याची नोंद घ्यावी.

सही: (यादीतील क्रमांक ० प्रमाणे)

वरील इसमाने आम्हां दोघांसमक्ष ही सही केली. आम्हीही त्याच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: धडधड्या, निवृत्त टंकलेखक, यादीतील क्रमांक ४. कलम ४ वाचून सही केली आहे.

साक्षीदार दुसरा: डॉक्टरबाई, यादीतील क्रमांक ५.

स्थळ: राहत्या घरी, खिडकीजवळचे टेबल.

दिनांक: अकरा, सोमवार, सकाळ.

सोबत: नावांची यादी, एक पान, बंद पाकिटात. क्रमांक एकचे नाव आधी हाताने लिहिले होते. आता ते यंत्रावर टंकले आहे.